बुलपप रायफल पारखायची कशी?

नवी बुलपप दिसली की लोक विचारतात, "भारी आहे का?" मी उलटा विचारतो: नळी केवढी आणि अख्खी रायफल केवढी? आधी हे दोन आकडे शोधा. बुलपपमध्ये मॅगझिन (गोळ्यांचा खोका) आणि बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा भाग) चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटात बसवलेले असतात, म्हणून नळी न कापता लांबी घटते. ऑस्ट्रियाची स्टायर ऑग घ्या. नळी 508 मिमी, एकूण लांबी 790 मिमीच्या आसपास. अमेरिकी एम16ए2 ची नळी तेवढीच, पण रायफल मीटरभर! या रायफलींची 5.56 मिमीची गोळी वेगावर जगते आणि तो वेग तिला नळीतच मिळतो. चिलखती गाडीतून उड्या टाकणाऱ्या पायदळाला हा सौदा पटला यात नवल नाही.

मग या सौद्याची किंमत बघा. फोटोत रिकामी पुंगळी बाहेर पडायची खिडकी शोधा. ती नेमबाजाच्या गालापाशीच येते. ब्रिटिश एल85 ची खिडकी कायमची उजवीकडे. डाव्या खांद्यावरून झाडली, तर तापलेली पुंगळी आणि मागेपुढे धावणारी बोल्टची मूठ थेट तोंडाशी. ऑग आणि इस्रायलच्या टेव्हरमध्ये बाजू बदलता येते, पण रायफल खोलून, भाग बदलून. ऐन चकमकीत भिंतीआडून डावीकडे वाकायचं असेल, तर त्याचा उपयोग शून्य. बेल्जियमच्या एफ2000 ने पुंगळ्या सरळ पुढे काढल्या. मला हा तोडगा सगळ्यांत आवडतो.

चापाचं दुखणं फोटोत कळत नाही. चाप पुढे, गोळी पेटवायला ठोका देणारा हॅमर मागे, मधे लांब दांडी. त्यामुळे चाप ओढताना लिबलिबीत लागतो.

आता "लष्कराने स्वीकारली" ही बातमी. कुणी स्वीकारली ते आधी वाचा. भारताने टेव्हर घेतली ती विशेष दलांसाठी. पायदळाच्या हातात तेव्हा देशी, बुलपप नसलेली इन्सासच होती.

पुढे काय झालं, तेही बघा. 1985 मध्ये दाखल झालेली एल85 1991 च्या आखाती युद्धात अडकू लागली आणि शेवटी जर्मनीच्या हेकलर अँड कोख कंपनीने ती सुधारून ए2 केली. हा दोष बांधणीचा होता, बुलपप मांडणीचा नव्हे. बरेच लेख इथेच गल्लत करतात. ऑस्ट्रियाने ऑग 1977 मध्ये घेतली, तिच्याबद्दल अशी ओरड झाली नाही.

बुलपप सोडणाऱ्यांबद्दलही अशीच गल्लत होते. फ्रान्सने 2016 मध्ये आपल्या फामास या बुलपपच्या जागी सरळ मांडणीची (मॅगझिन चापाच्या पुढे असलेली) एचके416 निवडली, चीनने 2019 च्या संचलनात सरळ मांडणीची क्यूबीझेड-191 दाखवली, की लगेच "बुलपप संपली" असे मथळे. पण फामास बनवणारा सेंत एतिएनचा कारखाना तोवर कधीच बंद झाला होता, म्हणजे दोष मांडणीचाच असं म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियाने मात्र ऑगच सुधारून ईएफ88 केली. त्यांचा लिथगोचा कारखाना चालू होता.