तळ्याच्या काठी ॲरोहेड

तळ्याच्या काठावर लोक हौसेने पपायरस आणि कॅना लावतात. मला त्या जागी ॲरोहेडच हवं असतं, कारण ते दिसतंही छान आणि त्याचे मातीतले गड्डे खाताही येतात. शास्त्रीय नाव सॅजिटेरिया. पानं बाणाच्या टोकासारखी, ताठ. मधून दांडा वर येतो आणि त्यावर तीन-तीनच्या फेऱ्यांत पांढरी फुलं उमलतात, खाली मादी फुलं, वर नर. सॅजिटीफोलिया जातीत पाकळीच्या बुडाशी जांभळा डाग असतो, लॅटिफोलियाची फुलं निखळ पांढरी. गड्डे दोन्हींना धरतात, पण मोठे हवे असतील तर लॅटिफोलिया बघा.

तळ्याच्या गाळात मोकळं लावू नका. हे झाड चिखलातून आडवे फुटवे सोडतं आणि गड्डे त्या फुटव्यांच्या टोकाला धरतात, म्हणजे मूळ झाडापासून हातभर दूरसुद्धा. मग काढताना शोधत बसा, आणि जे राहिले ते पुढच्या हंगामात भलतीकडे उगवणार. त्यापेक्षा साधारण दीड फूट रुंद, वीतभर खोल, बुडाला भोकं नसलेला पसरट टब घ्या आणि तो काठावरच्या पायरीवर ठेवा. उंच, अरुंद कुंडीत गड्ड्यांना पसरायला जागा मिळत नाही.

माती चिकण हवी. नर्सरीतलं कोकोपीट मिसळलेलं हलकं मिश्रण पाण्यात तरंगून तळं घाण करतं. शेणखतही नको, शेवाळ माजतं. पाणवनस्पतींसाठी खताच्या गोळ्या मिळतात, त्यातली एखादी मातीत खोल खुपसली की पुरे.

गड्डा हातात घेतला की कळतं, कोणती बाजू वर करायची. निळसर झाक असलेला गोळा, त्यावर कागदासारख्या तपकिरी सालीची एक-दोन वळी, आणि एका टोकाला चोचीसारखा वाकडा कोंब. चोच वर ठेवून दोन इंच खोल दाबा. हा गड्डा पाण्यापेक्षा हलका असतो, त्यामुळे नुसता खोचून टब पाण्यात सोडलात तर थोड्या वेळात तो वर तरंगताना दिसेल. म्हणून मातीवर इंचभर खडीचा थर द्या. तळ्यात कोई जातीचे शोभेचे मासे असतील तर खडी जरा मोठीच टाका, त्यांना माती उकरायची फार खोड.

सुरुवातीला मातीवर दोन इंच पाणी पुरतं. पानं वर आली की चार ते सहा इंचांपर्यंत न्या, त्यापुढे नको. पाणी फार खोल झालं की झाड फितीसारखी लांबट पानं पाण्याखालीच काढत बसतं, बाणही नाही आणि फूलही नाही. कोवळ्या झाडाची पहिली पानं तशीच असतात, तेव्हा ती बघून लगेच घाबरू नका. ऊन मात्र भरपूर हवं, दिवसाला निदान सहा तास. मावा पडला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाका. तळ्यात औषध मारायचं नाही, मासे मरतील.

खाण्याआधी झाडाची ओळख पक्की करा. पेल्टँड्रा नावाच्या दलदलीतल्या झाडाची पानंही बाणासारखीच असतात, पण त्यात अळूसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे काटेरी स्फटिक असतात, तोंड आणि घसा भाजून निघतो. फरक शिरांत आहे. ॲरोहेडच्या मुख्य शिरा देठ जोडतो तिथूनच फाकतात आणि पानभर वळत जातात. पेल्टँड्राला मधोमध एक जाड शीर आणि तिला दोन्ही बाजूंनी फाटे.

पानं पिवळी पडून मान टाकू लागली की काढणी. टब बाहेर घ्या, उलटा करा, माती धुवा, झालं. मोठ्या दलदलीत असं जमत नाही. 1805-06 च्या हिवाळ्यात लुईस आणि क्लार्क या अमेरिकन शोधकांची मोहीम अमेरिकेतल्या कोलंबिया नदीकाठी होती, तेव्हा तिथल्या स्थानिक स्त्रिया खोल पाण्यात उतरून पायाच्या बोटांनी गड्डे सोडवत आणि ते तरंगून वर आले की होडीत टाकत. तोच हलकेपणा, जो आपल्याला लावताना छळतो.

गड्डे कच्चे खाऊ नका. एक तर कडू लागतात, दुसरं म्हणजे पाण्यातल्या वनस्पतींवरून परजीवी पोटात जाऊ शकतात. सालीसकट वीसेक मिनिटं उकडा, मग साल आणि कोंब काढून टाका, बराचसा कडवटपणा तिथेच जातो. आत पिठूळ, किंचित गोडसर गर. तळ्यात गटाराचं किंवा रस्त्यावरचं पाणी येत असेल तर झाड फक्त शोभेला ठेवा. गाळातले जड धातू उकडून निघत नाहीत.

पुढच्या लागवडीसाठी चोच शाबूत असलेले जाड गड्डे ओल्या वाळूत, गार जागी ठेवा. उरलेले फुटवे नदी-ओढ्यात फेकू नका. याच कुळातली प्लॅटिफिला जात ऑस्ट्रेलियात कालव्यांमधलं मोठं तण होऊन बसली आहे. उन्हात कडकडीत वाळवा आणि मगच खतात टाका.