जळालेला फायनल बदलण्याआधी: जुन्या सीबी सेटच्या दुरुस्तीची तयारी

रिसीव्ह ठणठणीत, पण माइकचं बटण दाबलं की पॉवर मीटरचा काटा जागचा हलत नाही आणि खोक्यातून करपल्याचा वास येतो. अमेरिकेत १९७०च्या दशकात घरोघरी आणि ट्रकोट्रकी पोचलेल्या ट्रान्झिस्टर सीबी सेटचं (सिटिझन्स बँड, म्हणजे सामान्य लोकांनी आपसात बोलायचा रेडिओ) हे नेहमीचं दुखणं. यावर बहुतेक जण पहिल्यांदा फायनल ट्रान्झिस्टर, म्हणजे अँटेनाला पॉवर देणारा शेवटचा ट्रान्झिस्टर, मागवतात. तो मागवायचा आहेच, पण आधी त्याला कशानं मारलं ते शोधायचं. ते कारण तसंच राहिलं तर नवा ट्रान्झिस्टर दोन-चार सेकंदांत जुन्याच्या वाटेनं जातो.

पहिल्यांदा सर्किट डायग्राम मिळवावा. सॅम्स फोटोफॅक्ट या दुरुस्ती-पुस्तिकांच्या सीबी खंडांत त्या काळातल्या असंख्य मॉडेलचे डायग्राम व्होल्टेजसह आहेत. मॉडेलच्या नावावर विसंबू नये, बोर्डावर छापलेला नंबर जुळवावा, कारण एकाच नावाखाली आतलं सर्किट बदललेलं सापडतं. मग झाकण काढून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत आणि भिंगातून टाके बघावेत. जुन्या मळकट टाक्यांमध्ये एखादा चकचकीत टाका, किंवा एक पाय कापून उभा ठेवलेला डायोड वा ट्रान्झिस्टर दिसला, तर ‘मॉड्युलेशन वाढवण्यासाठी’, म्हणजे आवाज लहरीवर जास्त चढावा म्हणून, कुणीतरी त्याला आवर घालणारा लिमिटर उडवलेला असण्याची दाट शक्यता. फ्यूजही काढून बघावा. दोन-तीन अँपिअरच्या जागी दहाचा बसवलेला असेल तर सेटचा पूर्वेतिहास कळला.

बाकावर १३.८ व्होल्टचा, करंट लिमिट लावता येणारा पॉवर सप्लाय हवा. साधारण एएम सेट ऐकताना अर्ध्या अँपिअरच्या आत आणि बोलताना दीड-दोन अँपिअर घेतो, त्यामुळे तीन अँपिअरचा सप्लाय पुरतो. गाडीच्या बॅटरीवर तपासणी करू नये. शॉर्ट असेल तिथे ती बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक उकलून टाकते. डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर स्वतःत जिरवणारा भार) घरी बनवता येतो: एक किलोओहमचे, एक वॅटचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम, २० वॅट. रेझिस्टर कार्बन किंवा मेटल फिल्मचे घ्यावेत. वायरवाउंड २७ मेगाहर्ट्झला कॉइलसारखे वागतात. डमी लोड म्हणून छोटा बल्ब लावायची जुनी पद्धत आहे, पण फिलामेंट तापेल तसा त्याचा ओहम बदलतो, म्हणून ती नकोच. भारतात सेट तपासत असाल तर डमी लोड आणखी गरजेचा: इथे विनापरवाना पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ आहे, आणि अमेरिकी ४० चॅनेलचा सेट २७.४०५ पर्यंत जातो.

मल्टिमीटरबरोबर एक आरएफ प्रोब (रेडिओ सिग्नल मीटरवर दाखवणारा) ठेवावा. त्याला ओए७९ किंवा १एन३४ हा जर्मेनियम डायोड, एक हजार पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आणि ४.७ मेगाओहमचा रेझिस्टर एवढंच लागतं. ड्राइव्ह, म्हणजे फायनलला चालवणारा सिग्नल, कुठपर्यंत येते ते याच्याशिवाय कळत नाही. सोल्डरिंग आयर्न तापमान ठरवता येणारं घ्यावं आणि ३२० ते ३५० अंशांवर ठेवावं, सोबत चांगली डिसोल्डर विक (जुना सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी). जुने बोर्ड बहुधा तपकिरी फिनॉलिकचे असतात. आयर्न जास्त वेळ टेकवलं की तांब्याचा ट्रॅक सुटून वर येतो.

कॉइलमधल्या फिरवायच्या कोअरसाठी प्लॅस्टिकचा अलाइनमेंट टूल घ्यावा, पण तो शेवटपर्यंत खिशातच बरा. फायनल मेलाय म्हणून कोअर फिरवत बसणं हा सगळ्यात महागडा खेळ आहे. फिरवण्याआधी प्रत्येक कोअरची जागा मार्करनं खुणावून ठेवावी.

आता पार्ट्स. फायनल आणि ड्रायव्हर (त्याला सिग्नल पुरवणारा आधीचा ट्रान्झिस्टर) जोडीनं घ्यावेत. फायनलचा कलेक्टर-बेस शॉर्ट झाला की ड्रायव्हरही बरेचदा जातो. फायनलच्या जागी २एससी१९६९ किंवा २एससी२०७८ सापडतील. २एससी१९६९ बनायचा कधीच थांबला, त्यामुळे बाजारात नकली माल भरपूर. तो मीटरवर धड दिसतो आणि २७ मेगाहर्ट्झला जेमतेम वॅटभर देऊन तापतो. पाय न बघता ‘तसाच दिसणारा’ बसवू नये. २एससी१९६९ चे पाय बेस-कलेक्टर-एमिटर आहेत आणि टॅब कलेक्टरला आहे. २एससी१९७१ त्याच आकाराचा, पण पाय बेस-एमिटर-कलेक्टर आणि टॅब एमिटरला. मॉसफेट (वेगळ्या जातीचा ट्रान्झिस्टर) लावायचा तर बायसचं सर्किट बदलावं लागतं. मायका वॉशर, नायलॉन बुश, हीटसिंक पेस्ट, तीन अँपिअरचा डायोड, २५ व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक आणि रेझिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही मिळतील. आउटपुट फिल्टरसाठी मात्र एनपीओ (तापमानानं क्षमता न बदलणारे) सिरॅमिक किंवा सिल्व्हर मायका कपॅसिटरच घ्यावेत, १०० व्होल्ट किंवा त्याहून वरचे. चार वॅटच्या कॅरिअरला (आवाज न चढवलेल्या मूळ लहरीला) ५० ओहमवर २० व्होल्टचं शिखर येतं, पूर्ण मॉड्युलेशनला ४०, आणि अँटेना तुटलेली असेल तर ते जवळपास दुप्पट होतं.

करंट सोडण्याआधी मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवावा. सप्लायच्या तोंडाशी उलट ध्रुवतेसाठी आडवा टाकलेला डायोड असतो. बॅटरी उलटी जोडली की तो शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. जाड फ्यूज असेल तर ट्रॅकच जळतो. फायनलचा बेस-एमिटर बोर्डावर तपासून ‘शॉर्ट’ म्हणू नये, कारण तिथे चोक (तारेची छोटी कॉइल) आडवा असतो आणि मीटर हमखास वाजतो. ट्रान्झिस्टर काढूनच तपासावा: बेसपासून दोन्हीकडे अर्धा ते पाऊण व्होल्ट, कलेक्टर-एमिटर दोन्ही दिशांनी उघडा. तो काढल्यावर जुना मायका उजेडात धरावा. टोकाशी सुईएवढं भोक असलं की टॅब थेट चॅसिसला, म्हणजे ग्राउंडला लागला होता. मग दोष ट्रान्झिस्टरचा नव्हताच.

त्यानंतर कलेक्टरचा चोक आणि मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर. चोकचं इनॅमल काळं पडलं असेल तर तेवढेच वेढे, त्याच कोअरवर, त्याच जाडीच्या तारेनं गुंडाळावेत. एएमला फायनलचा डीसी बहुतेक सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरमधून येतो, त्यामुळे त्याचा सेकंडरी तुटला तर चांगला फायनलही मेल्यासारखा वागतो. बोर्ड करपला असेल तर काळा भाग ब्लेडनं स्वच्छ तपकिरी रंग दिसेपर्यंत खरवडावा. ती राख कार्बनची असते, करंट वाहते आणि पुन्हा पेटते.

२३ चॅनेलच्या सेटमध्ये एक फसवा दोष असतो. त्यात बहुधा फ्रिक्वेन्सी ठरवणारे १४ क्रिस्टल एकत्र येऊन सगळे चॅनेल बनवतात. ट्रान्समिट काही ठरावीक चॅनेलवरच मेलेलं असेल तर फायनल सोडा, क्रिस्टल बघा.

फायनल काढलेलाच ठेवून सप्लाय अर्ध्या अँपिअरवर बांधावा, बटण दाबावं आणि प्रोब ड्रायव्हरच्या कलेक्टरवर टेकवावा. ड्राइव्ह दिसली तरच नवा ट्रान्झिस्टर बसवावा. टॅब आणि चॅसिसमध्ये मीटर वाजत नाही ना हे टाका घालण्यापूर्वीच बघावं. मग नऊ-दहा व्होल्टवर, लिमिट एक अँपिअर, डमी लोड लावून पाच सेकंद. करंट टिकून राहिला तर १३.८ व्होल्ट आणि कॅरिअर साडेतीन-चार वॅट. जास्त काढायच्या नादी लागू नये.

अँटेना जोडण्याआधी कोॲक्सची (अँटेनाच्या केबलची) दोन्ही टोकं सोडून मधल्या तारेपासून जाळीपर्यंत मीटर लावावा, आणि गाडीच्या दारात चेपलेली जागा हलवून पाहावी. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) वापरायच्या पहिल्या आणि शेवटच्या चॅनेलवर दीडच्या आसपास हवा. तीनच्या वर असेल तर बटणाला हात लावू नये.