नाल्यात गाडीवाले परत आणायचे असतील तर

आमच्या गावात मोटरसायकलची ट्रायल भरते, म्हणजे नाल्यात आखलेल्या वाटेवरून पाय न टेकता गाडी काढायची स्पर्धा. पहिल्या वर्षी ३२ गाड्या होत्या, चौथ्या वर्षी ९. बाकीचे २३ कुठं गेले हे शोधायला मला कुठं जावं लागलं नाही. माझं गॅरेज आहे, ऑइल बदलायला ते सगळे माझ्याकडेच येतात. एकेकाला विचारत गेलो. एक पोरगा म्हणाला, "भाऊ, गाडी बापाची हाय. फुटरेस्ट वाकवून घरी नेली त सकाळी दूध कायच्यावर नेऊ?"

तेव्हा तुमच्याकडचीही ट्रायल ओस पडली असेल, तर बक्षीस वाढवायच्या आधी हे वाचा. बक्षीस आम्ही वाढवून पाहिलं. शहरातून एक्सपल्स ही खडबडीत वाटेची गाडी घेऊन दोघे आले आणि गावातले चार कमी झाले.

सुरुवात नाल्यापासून. स्प्लेंडरच्या पोटाखाली जागा १६५ मिलिमीटर, म्हणजे साडेसहा इंच. नाल्यात आखलेल्या वाटेवर त्याहून उंच दगड ठेवला तर इंजिनचं बूड त्यावर आपटणार. खास ट्रायलची गाडी सत्तर किलोच्या आसपास असते, तिला बसायची सीटही धड नसते. आपली स्प्लेंडर ११२ किलोची. आम्ही मोबाइलवर परदेशातल्या ट्रायल पाहून सेक्शन, म्हणजे आखलेले टप्पे, अवघड करत गेलो, ही आमची मोठी चूक. आता प्रत्येक सेक्शनमध्ये दोन वाटा आखतो. पांढऱ्या चिंधीची वाट सोपी: धुऱ्यावरून उतरायचं, रेतीत एक वळण, मुरमाच्या चढावरून बाहेर. लाल चिंधीची वाट दगडांतून जाते. नाव देतानाच वाट सांगायची, बक्षिसं वेगळी. बांबूच्या कमच्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या एवढ्यात काम भागतं. तुराट्या रोवू नका, हँडल लागलं की मोडतात आणि टोक वर राहतं.

वाट आखून झाली की तुमच्यातल्या सगळ्यात कच्च्या गाडीवाल्याला तीवरून जायला लावा. पांढऱ्या वाटेवर तो दोनदा पडला तर वाट चुकली, माणूस नाही.

आता गाडी. पोरांना आदल्या दिवशी बोलवा आणि हे फुकट करून द्या. आरसे आणि साडी गार्ड काढायचा. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे बोल्ट असे कसायचे की हातानं जोर लावला तर लिव्हर फिरली पाहिजे. गाडी पडली तर ती फिरते, मोडत नाही. मागच्या चाकातली हवा १५-१६ पीएसआयवर आणायची, दगडावर पकड येते. त्याहून खाली गेलात तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व मुळातून उपटतो. मी स्वतःचा असाच उपटला आहे, आठ किलोमीटर गाडी ढकलत आलो. म्हणून मैदानात हवेचा पंप हवाच, घरी जाताना प्रत्येकानं हवा भरूनच निघायचं. फुटरेस्ट वाकलाच तर सरळ करायला लांब पाइप ठेवा. मी गॅरेजचा पाना-पेटारा घेऊन नाल्याच्या काठी बसतो. हे कळल्यापासून सहा जण परत आले. हेल्मेट आणि बूट नसेल त्याला मात्र सोडू नका, सरपंचाचा पोरगा असला तरी.

गुण समजावून सांगणं हे वेगळंच काम आहे. पाय टेकला नाही तर ०, एकदा टेकला तर १, दोनदा २, तीन किंवा जास्त वेळा ३. गाडी थांबली, पडली किंवा चिंधीबाहेर गेली की ५. ज्याचे कमी तो जिंकला. आमच्या पहिल्या विजेत्याची माय भर मैदानात मला विचारायला आली, "माह्या पोराले शून्य काऊन देलं?" तेव्हापासून भोंग्यावर एक बोलका माणूस बसवतो.

सेक्शनवर गुण लिहायला प्रत्येकी दोन माणसं लागतात, आणि ती गाडीवाल्यांपेक्षा अवघड मिळतात. गुडघे गेलेले जुने गाडीवाले धरा. त्यांना सावली द्या, दुपारचं जेवण त्यांच्या जागेवर पोचवा. एका वर्षी आम्ही विसरलो, तर दुपारनंतर दोन सेक्शन ओसाड.

तारीख शेतीकडे पाहून ठरवा. सोयाबीनची सोंगणी आणि कापूस वेचणी सोडा. तूर निघाल्यावर आणि हरभरा सोंगायच्या आधी आमच्याकडे दोनेक आठवडे सापडतात. लग्नाच्या तिथी बघा. आणि पट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बघा. २०१४ पासून बंद असलेले शंकरपट डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं परवानगी दिल्यावर पुन्हा भरू लागले. तळेगाव दशासरला पट असेल त्या दिवशी आमच्या नाल्यात कुत्रंही फिरकत नाही. वावरवाल्याची लेखी संमती, पोलीस ठाण्यात अर्ज आणि जवळच्या आरोग्य केंद्राला खबर, हे महिनाभर आधी उरका.

फी आम्ही ५०० वरून १०० वर आणली. नाव मैदानातच घेतो, सकाळी नऊपर्यंत, कारण पोराला बापाकडून गाडी मिळणार की नाही हे सकाळीच कळतं. जो आला नाही त्याला आठ दिवसांत फोन करा. "काऊन नाही आला" असं विचारू नका, गाडी कशी आहे ते विचारा. बाकीचं तो आपणच सांगतो.