वॉर्डातून लॅबमध्ये: संशोधनात या चुका टाळा

रक्तात आजाराची खूण शोधणारे प्रबंध बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचण्याआधीच फसलेले असतात.

एका रुग्णालयातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला सततच्या थकव्याच्या रुग्णांच्या रक्तात लॅक्टेट (पेशी ग्लुकोज वापरतात तेव्हा बनणारा पदार्थ) ठळकपणे जास्त सापडलं. निबंध लिहायलाही घेतला. मी त्याच नमुन्यांतलं ग्लुकोज पाहायला सांगितलं, तर ते सगळ्यांचं कमी! रुग्णांचं रक्त सकाळी काढून ओपीडी संपेपर्यंत ट्रेमध्ये पडून राहायचं, मग वॉर्डबॉय मामा ते खाली लॅबमध्ये आणायचे. तुलनेसाठीचे निरोगी लोक म्हणजे लॅबचेच कर्मचारी. त्यांचं रक्त काढलं की लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्त गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात. ट्यूबमध्येही रक्तपेशी ग्लुकोज खाऊन लॅक्टेट बनवत राहतात. साध्या तापमानाला ग्लुकोज तासाला ५ ते ७ टक्के घटतं. त्याने मोजला तो उशीर. आजारी माणसांनी विश्वासाने दिलेलं रक्त असं वाया गेलं, याचा मला अजून राग येतो.

पेशींचं हे ग्लुकोज खाणं थांबवणारी राखाडी टोपणाची फ्लोराइड ट्यूब घेतली की सुटलो, असंही समजू नका. तिचा परिणाम पुरता व्हायला तास-दोन तास जातात; तोवर ट्यूब बर्फातच हवी. मी प्रत्येक ट्यूबवर रक्त काढल्याची आणि सेंट्रिफ्यूज लावल्याची, दोन्ही वेळा लिहून घेते. निरोगी लोकांचं रक्तही त्याच ओपीडीत, त्याच सिस्टरांकडून काढायचं. आणि किट उघडण्याआधी विद्यार्थ्याने काही दिवस वॉर्डात उभं राहायचं. ज्यांना हे वेळ घालवणं वाटतं, त्यांना मी नमुने देत नाही.

जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतू नका; तिच्यातल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम घटतं. पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती वाढवून करायची चाचणी) हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या दुसऱ्या औषधाची, हिरवी ट्यूब नको. उणे ८० अंशांवर ठेवायचा प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारा रक्ताचा द्रव भाग) आधीच लहान लहान ट्यूबमध्ये वाटून भरा, म्हणजे तोच नमुना पुन्हापुन्हा वितळवावा लागणार नाही.

औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या भारतातल्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही, तरी निबंध पाठवायच्या आठवड्यात धावपळ करणारे दरवर्षी भेटतात.

संमतीपत्रकात उरलेल्या रक्ताचा उल्लेखच नसतो. पुढे नवी कल्पना सुचते, फ्रीझर भरलेला असतो आणि एथिक्स कमिटी विचारते की रुग्णाला हे सांगितलं होतं का. उरलेला नमुना किती वर्षं ठेवणार, कशासाठी वापरणार आणि नको असेल तर रुग्णाने कोणाला कळवायचं, हे सोप्या मराठीत लिहा, आणि सही घेण्याआधी स्वतः वाचून दाखवा.