लाल रेघ न येणाऱ्या चुका

इंग्रजी मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम. मेल, वेबसाइटची पानं, जाहिराती, मधूनच कोणाचा तरी रेझ्युमे. या कामात नव्याने आलेली मंडळी आधी गोंधळाच्या शब्दांची लांबलचक यादी शोधतात आणि पाठ करायला बसतात. मी म्हणेन, ती यादी ठेवा बाजूला. ज्या शब्दाखाली स्पेलचेकरची लाल रेघ येते, त्याची काळजी नको. पंचाईत होते ती रेघ न येणाऱ्या शब्दांची. तिथे स्पेलिंग बरोबरच असतं, पण शब्द भलताच असतो.

मराठी माणूस इंग्रजीसुद्धा कानाने लिहितो. आपला स्क्रू 'लूज' होतो आणि मॅचही आपण 'लूज' करतो, उच्चार एकच. इंग्रजीत मात्र सैल असेल तर डबल ओ आणि शेवटी 'स'चा उच्चार. हरायचं किंवा गमवायचं असेल तर एकच ओ आणि शेवटी 'झ'. 'देन'चंही तसंच: तुलनेला ए, 'मग' या अर्थाला ई. 'ॲडव्हाइस'मध्ये सल्ला हे नाम सीने आणि सल्ला देणे हे क्रियापद एसने. ब्रिटिश इंग्रजीत 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स'लाही हाच नियम लागतो. अमेरिकेत 'प्रॅक्टिस' दोन्हीकडे सीने, 'लायसन्स' दोन्हीकडे एसने. म्हणून काम हातात आलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: ब्रिटिश की अमेरिकन? अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टरने १८२८च्या शब्दकोशात 'कलर' यूशिवाय दिला आणि अमेरिकेत तोच रुजला. दोन्ही पद्धती बरोबर, सरमिसळ तेवढी नको. सॉफ्टवेअरची भाषाही आधीच तशी सेट करून घ्या.

'इट्स'वर फार वेळ घालवू नका. त्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' म्हणून बघा. वाक्य जुळलं तर अपॉस्ट्रॉफी, नाहीतर नाही. 'हिज'ला तरी कुठे असते?

'डेफिनिटली' हा माझ्या खास रागाचा शब्द. आपण बोलतो 'डेफिनेटली', म्हणून मध्ये ए घुसतो. स्पेलिंग जास्तच गंडलं की ऑटोकरेक्ट कधी कधी त्याचं 'डिफायंटली' करून टाकतं. मग 'मी मीटिंगला नक्की येईन'चं होतं 'मी मीटिंगला बंडखोरपणे येईन', आणि रेघ कुठेच नाही! अशा वेळी त्या शब्दाचा एखादा भाऊबंद आठवायचा, ज्यात तो स्वर स्वच्छ ऐकू येतो. 'डेफिनिशन'मध्ये आय ऐकू येतो, तोच इथे. 'ग्रामर'च्या शेवटी ई की ए? 'ग्रॅमॅटिकल' म्हणून बघा, ए सापडेल. 'सेपरेट'च्या मधला ए 'प्रिपेअर'मधून मिळतो. दोघांचं लॅटिन मूळ एकच.

अक्षर डबल करायचं की नाही, इथे भलेभले अडतात. क्रियापदाच्या शेवटी एकच स्वर आणि एकच व्यंजन असेल, आणि आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटच्या भागावर पडत असेल, तर प्रत्यय लावताना ते व्यंजन सहसा डबल होतं. 'ऑकर'चा भूतकाळ डबल आरने, 'रेफर'चाही. 'ऑफर' आणि 'व्हिजिट'मध्ये आघात सुरुवातीला, म्हणून तिथे डबल नाही. 'रेफरन्स'मध्ये आघात सुरुवातीला सरकतो, म्हणून एकच आर.

हा नियम हुकला की काय होतं, ते इंटरनेटच्या पोटातच दिसतं. लिंकवर क्लिक केलं की आधीच्या पानाचा पत्ता ब्राउझर सहसा एका हेडरमधून, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून, सर्व्हरला कळवतो. त्या हेडरचं नाव 'रेफरर'. ब्राउझर आणि सर्व्हरने एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम म्हणजे एचटीटीपी. त्याच्या १९९६च्या दस्तऐवजात ते नाव मधल्या एकाच आरने गेलं, आणि सगळी सॉफ्टवेअरं त्यावर उभी राहिल्यामुळे आजही तसंच आहे. पुढे आलेल्या 'रेफरर पॉलिसी' या हेडरमध्ये मात्र डबल आर आहे. प्रोग्रामर बिचारे दोन्ही सांभाळतात.

यादी करायचीच तर स्वतःची करा. ज्या शब्दांवर तुमचा हात पुन्हा पुन्हा घसरतो, तेवढेच त्यात. मजकूर पाठवण्याआधी कंट्रोल एफ दाबून यादीतला एकेक शब्द शोधायचा आणि सापडेल तिथे अख्खं वाक्य वाचायचं. नुसता शब्द बघून 'लूज' बरोबर की चूक, हे कळत नाही.