हेअर ट्रान्सप्लांट आणि घाई: या चुका टाळा

ऑपरेशन होऊन अठरा-वीस दिवस झाले होते. खपल्या पडून गेल्या होत्या, लाली उतरत चालली होती आणि आरशात कपाळावर बारीक केसांची रेघ दिसायला लागली होती. मग एका सकाळी डोकं धुताना ते इवलेसे केस तळहातावर आले. दुसऱ्या दिवशी आणखी आले. आठवडाभरात कपाळ जवळजवळ पूर्वीसारखं मोकळं झालं. त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही. असं होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण ऐकलेलं वेगळं आणि स्वतःच्या हातावर पाहिलेलं वेगळं.

याच दिवसांत माणूस सर्वांत जास्त चुका करतो, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

केस गळले म्हणजे ग्राफ्ट गेले, असं समजणं

ग्राफ्ट म्हणजे केस नव्हे, केसाचं मूळ. एका ग्राफ्टमध्ये साधारण १ ते ४ केस असतात. ते मूळ एका जागेवरून काढलं जातं, काही तास शरीराबाहेर राहतं आणि नव्या जागी रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत कसंबसं तग धरतं. या धक्क्यानं ते विश्रांतीच्या अवस्थेत जातं आणि वरचा केस सोडून देतं. हे बहुतेकांना दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दिसतं. मूळ मात्र त्वचेखाली जागेवरच असतं.

गळलेल्या केसाच्या टोकाला कधी कधी पांढरट गाठ दिसते आणि ‘मूळच उपटून आलं’ म्हणून पोटात गोळा येतो. ती गाठ म्हणजे विश्रांतीत गेलेल्या कुठल्याही केसाचं खालचं टोक असतं. पहिल्या काही दिवसांत ग्राफ्ट खरोखर निघालं, तर बहुधा त्या जागी रक्त येतं. तिसऱ्या आठवड्यात रक्त न येता पडलेला केस हा नुसता केसच.

आजूबाजूचे मूळचे केसही या धक्क्यानं काही काळ विरळ होऊ शकतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डोकं आधीपेक्षा वाईट दिसतं. घाबरून लोक या काळात काय काय करतात! नवं तेल आणतात, शॅम्पू बदलतात, सुयांचा रोलर फिरवतात, काही जण दुसरीकडे जाऊन पुढच्या ऑपरेशनची तारीख घेतात. यातलं काहीही करू नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे केस डोकावायला लागतात. सुरुवातीला ते बारीक, कधी वाकडेतिकडे असतात. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे फरक नजरेत भरायला सहा महिने लागतात आणि निकाल बाराव्या महिन्याच्या आसपास कळतो. डोक्याच्या भोवऱ्यावर तर दीड वर्षही लागू शकतं.

फोटो जरूर काढा, पण महिन्यातून एकदाच. तीच खोली, तोच उजेड, कोरडे केस. रोज काढलेले फोटो काहीच सांगत नाहीत, फक्त जीव खातात.

निदान न करताच खुर्चीत बसणं

खरं तर सर्वांत महाग चूक ऑपरेशनच्या कितीतरी आधी होते. रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. त्याहून जास्त गळत असतील तर कारण काय, हा पहिला प्रश्न. ट्रान्सप्लांट कुठल्या डॉक्टरकडे करायचं, हा फार पुढचा.

मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा झपाट्यानं वजन उतरणं, यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळू शकतात. कारण आणि परिणाम यांत इतकं अंतर पडतं की दोघांची सांगड घालायचं आपल्या लक्षातच येत नाही. कारण दूर झालं तर हे केस बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप परत येतात. त्यासाठी डोक्यात छिद्रं पाडून घ्यायची गरज नसते. नाण्यासारखे गोल चट्टे पडत असतील तर शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असू शकते. त्याचे उपचार वेगळे आहेत. आणि टाळूवर जळजळ, खाज, लाली, सोबत गुळगुळीत होत चाललेली त्वचा असेल, तर मुळं कायमची नष्ट करणारा आजार असू शकतो. तो सुरू असताना लावलेले ग्राफ्टही तो गिळून टाकतो.

बायकांच्या बाबतीत तर तपासणी आणखी महत्त्वाची. शरीरातलं लोह कमी असणं, थायरॉइडचा बिघाड, हार्मोनचे प्रश्न, हे सगळं आधी पाहायला हवं. शिवाय बायकांमध्ये विरळपणा अनेकदा डोकंभर पसरलेला असतो. ज्या मागच्या भागातून ग्राफ्ट काढायचे तोही विरळ असेल, तर उसनं आणायचं कुठून?

रक्ततपासणीला जाताना एक गोष्ट आवर्जून सांगा. केसांच्या गोळ्यांमध्ये बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असतं आणि त्यामुळे थायरॉइडच्या काही चाचण्यांचे, इतकंच काय, हृदयविकाराचा झटका ओळखणाऱ्या ट्रोपोनिन चाचणीचेही आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २०१७ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. ‘मी या गोळ्या घेतो’ हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

विशीत, अगदी खालची हेअरलाइन मागणं

१९५२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या नॉर्मन ओरेन्ट्राइख या त्वचारोगतज्ज्ञांनी टक्कल पडलेल्या जागी मागच्या बाजूचे केस लावले. हलवलेलं मूळ आपला जुना स्वभाव सोडत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. मागचे आणि कानांवरचे केस सहसा गळत नाहीत, म्हणून ते पुढे लावले तरी टिकतात. सगळं ट्रान्सप्लांट या एका तत्त्वावर उभं आहे. पण याची दुसरी बाजू लोक विसरतात: केस नवे तयार होत नाहीत, फक्त त्यांची जागा बदलते. मागचा साठा मर्यादित आहे आणि तो आयुष्यभर पुरवायचा आहे.

बावीस वर्षांचा मुलगा शाळेतल्या फोटोसारखी सरळ, खालची हेअरलाइन, म्हणजे कपाळावर केस सुरू होतात ती रेघ, मागतो. ती लावून मिळालीच, तर पुढच्या वर्षांत त्यामागचे मूळचे केस गळत जातात. पुढे केसांची पट्टी, मागे रिकामी जागा, आणि ती भरायला साठा शिल्लक नाही. त्या वयात मनाला किती लागतं ते मला माहीत आहे, माझी सुरुवात त्याच वयात झाली. तरीही सांगतो, गळती कुठवर जाणार याचा अंदाज येईपर्यंत औषधांवर थांबा. आणि जो डॉक्टर ‘आत्ता नको’ म्हणतो, त्याचं नीट ऐका.

एकाच दिवसात भरमसाट ग्राफ्टचं आश्वासन मिळालं तरी सावध व्हा. मागची बाजू ओरबाडली गेली तर ती चट्ट्याचट्ट्यांची दिसते आणि ती दुरुस्त करणं फार अवघड असतं. चिरा कोण देणार, ग्राफ्ट कोण काढणार, डॉक्टर खोलीत किती वेळ असणार, हे स्पष्ट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या.

आता केस लावले, मग औषध कशाला?

लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या मधले मूळचे केस गळायचे थांबत नाहीत. ते राखायचं काम औषधांचं. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले, त्यातून डोक्याला लावायचं औषध निघालं आणि १९८८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. दुसरं औषध फिनास्टराइड, ही पोटात घ्यायची गोळी. तिच्या १ मिलिग्रॅम मात्रेला पुरुषांच्या टकलासाठी १९९७ मध्ये मान्यता मिळाली.

मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते, कारण जुने केस नव्यांना जागा करून देतात. नेमकं तेव्हाच लोक घाबरून ते बंद करतात. फायदा दिसायला किमान चार ते सहा महिने द्या. फायदा झाल्यावर सोडलं तर मिळालेलं काही महिन्यांत निघून जातं, हेही आधीच मनाशी धरा. ऑपरेशननंतर ते टाळूवर पुन्हा कधी लावायचं हे डॉक्टरांना विचारा, ताज्या जखमांवर लावू नका. घरात मांजर असेल तर फार जपा. मिनॉक्सिडिल मांजरांसाठी विषारी आहे, उशीवर उतरलेला थोडासा अंशही घातक ठरू शकतो.

फिनास्टराइड स्वतःच्या मनानं सुरू करू नका. काही पुरुषांना लैंगिक इच्छेत घट जाणवते, काहींच्या मनःस्थितीवर परिणाम होतो. तसं काही वाटलं तर लाजून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. प्रोस्टेटसाठी केलेल्या पीएसए या रक्तचाचणीचा आकडा या औषधानं साधारण निम्मा होतो, म्हणून तिथेही हे सांगायलाच हवं. गर्भवती किंवा गर्भवती होऊ शकणाऱ्या स्त्रीनं फुटलेल्या गोळ्या हाताळू नयेत.

पहिले दहा दिवस

बर्नस्टाइन आणि रासमन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी ग्राफ्ट किती दिवसांत घट्ट बसतात याचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. नुसता केस ओढला तर सहाव्या दिवसानंतर ग्राफ्ट निघाले नाहीत. पण चिकटलेली खपली ओढली, तर सुरुवातीचे दिवस ग्राफ्ट सोबत यायचेच, आणि तो धोका कमी होत होत त्यानंतरही काही दिवस राहिला. दहाव्या दिवशी ते पक्के बसलेले होते. यातून घ्यायचं ते एवढंच: खपलीला नख लावू नका.

पण त्याच्या अगदी उलट चूकही तितकीच होते. ग्राफ्ट निघतील या भीतीनं लोक डोकं धुतच नाहीत. मग खपल्या जाड होतात, त्याखाली जंतू वाढतात आणि पंधराव्या दिवशीही टोपीसारखं कवच डोक्यावर असतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून रोज धुवा. शॉवरची धार थेट सोडू नका. मगात पाणी घेऊन हलकेच ओता, फेस हातावर करून तो डोक्यावर टेकवा, चोळू नका. टॉवेलनं पुसू नका, वाऱ्यावर सुकू द्या. दहाव्या दिवसानंतर, डॉक्टरांनी परवानगी दिली की, भिजून मऊ झालेल्या खपल्या बोटांच्या पेरांनी अलगद सोडवायच्या. साधारण दोन आठवड्यांत टाळू स्वच्छ झालेली असावी.

झोपताना पहिल्या काही रात्री डोकं उंचावर ठेवा, अर्धवट बसल्यासारखं. कुशीवर वळायची सवय असेल तर मानेभोवतीची प्रवासी उशी घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावर सूज येते आणि खाली डोळ्यांपर्यंत उतरते. माझे डोळे एक दिवस जवळजवळ मिटले होते. दिसायला भयानक असलं तरी ही सूज सहसा आठवड्याच्या आत ओसरते. बर्फ शेकायचा तर कपाळावर, ग्राफ्टवर कधीही नाही.

डोक्यातून काढायचे टी-शर्ट बाजूला ठेवा, पुढून बटणं असलेला शर्ट घाला. गाडीत बसताना दाराच्या कडेला डोकं लागणं ही सर्रास होणारी गोष्ट आहे, तिथे सावकाश वाका. हेल्मेट घालायची परवानगी मिळेपर्यंत दुचाकी चालवूच नका. जड व्यायाम दोन आठवडे, पोहणं साधारण महिनाभर बंद. उन्हात उघड्या डोक्यानं फिरू नका. आणि सिगारेट ओढत असाल तर ऑपरेशनच्या आधीपासूनच बंद करा. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, आणि ग्राफ्ट त्याच रक्ताच्या आशेवर असतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर त्या ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

कशानं घाबरायचं, कशानं नाही

खाज येणार. टाळू बधिर वाटणार, कधी आठवडे, कधी महिने. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात बारीक पुळ्या येऊ शकतात, कारण नवा केस बाहेर यायची वाट शोधत असतो. त्या फोडू नका. दोन-चार असतील तर जातात, पसरल्या किंवा दुखू लागल्या तर दाखवा.

पण वेदना कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, ताप, पू किंवा दुर्गंधी येत असेल, लाली पसरत असेल, त्वचा काळपट पडत असेल, किंवा स्वच्छ कापडानं दहा-पंधरा मिनिटं हलका दाब देऊनही रक्त थांबत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी डॉक्टरांना गाठा. फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसायचे हे प्रसंग नव्हेत.

एकट्यानं झुरत बसणं

केस गळण्याचं दुःख लोक हसण्यावारी नेतात, म्हणून आपणही ते लपवतो. मी कितीतरी वर्षं प्रत्येक समूह फोटोत मागच्या रांगेत उभा राहिलो, पंख्याखाली बसणं टाळलं. आता वाटतं, घरातल्या एका माणसाला तरी आधीच सांगायला हवं होतं. ऑपरेशननंतरच्या त्या ओसाड तीन महिन्यांत असा एक माणूस लागतोच, जो तारखा पाहून म्हणेल, ‘अजून वेळ आहे, थांब.’ दिवसातले तास आरशासमोर जात असतील, बाहेर जाणं बंद झालं असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर टाळूच्या डॉक्टरांआधी मनाच्या डॉक्टरांकडे जा. त्या अवस्थेत घेतलेला ऑपरेशनचा निर्णय समाधान देत नाही, कारण मग नजर पुढच्या उणिवेवर जाऊन बसते.

दुसऱ्या टप्प्याचा विचार बारा महिन्यांच्या आत करू नका, भोवरा असेल तर आणखी थांबा. तेव्हा पहिल्या दिवसाचे आणि त्या दिवसाचे फोटो शेजारी ठेवा, मागच्या भागात किती साठा उरला ते डॉक्टरांकडून मोजून घ्या, आणि मगच पुढची तारीख.