‘शांतपणे’ इंग्रजीत लिहिताना योग्य क्रियाविशेषण कसे निवडावे

मराठीत दार शांतपणे लावता येते, अपमान शांतपणे गिळता येतो आणि बाळही शांतपणे झोपते. इंग्रजीत या तीन ठिकाणी एकच शब्द चालत नाही. म्हणून शब्दकोश उघडण्यापूर्वी आपल्या वाक्यात नेमके काय शांत आहे, हे ठरवावे.

आवाज कमी असेल तर ‘क्वाएटली’, मुळीच नसेल तर ‘सायलेंटली’ आणि मन ताब्यात असेल तर ‘कामली’ घ्यावे. सर्वाधिक गल्लत पहिल्या व तिसऱ्या शब्दात होते. ‘ही आन्सर्ड कामली’ म्हटले की, चिडण्याचे कारण समोर असूनही तो चिडला नाही, असे कळते. त्याचा आवाज खणखणीतही असू शकेल. ‘ही आन्सर्ड क्वाएटली’ यात केवळ आवाज खाली आलेला असतो, आणि त्या खालच्या आवाजात संताप दडलेला असणेही शक्य असते. कथेत हा एक शब्द बदलला, तर पात्राचा स्वभाव बदलतो.

झोप किंवा मृत्यू यांसाठी ‘पीसफुली’ रूढ आहे. ‘पीसेबली’ मात्र भांडण वा हिंसा न करता, या अर्थाचा कायद्याच्या भाषेतला शब्द आहे. अमेरिकी राज्यघटनेच्या 1791 मधील पहिल्या दुरुस्तीत लोकांच्या एकत्र जमण्याच्या हक्कासाठी तोच वापरलेला आहे. ‘सिरीनली’च्या मुळाशी निरभ्र आकाशाचा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे, त्यामुळे प्रसन्न, निश्चल स्मितासाठी तो मला सर्वांत सुंदर वाटतो. ‘कूली’ जपून वापरावा, कारण त्यात अनेकदा तुटकपणाची छटा येते.

शब्द ठरल्यावर क्रियापद तपासावे. ‘स्टे’, ‘फील’, ‘सीम’ यांच्यापुढे कर्त्याची अवस्था सांगायची असल्यास विशेषण लागते: ‘स्टे काम’, ‘स्टे कामली’ नव्हे. ‘शी लुक्ड काम’ म्हणजे ती शांत दिसली, तर ‘शी लुक्ड अ‍ॅट हिम कामली’ म्हणजे तिने त्याच्याकडे शांतपणे पाहिले.

जागेचा नियम सोपा आहे. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये हा शब्द घालू नये. ‘शी क्लोज्ड द डोअर क्वाएटली’ किंवा ‘शी क्वाएटली क्लोज्ड द डोअर’ असे लिहावे.

शेवटी ते क्रियाविशेषण झाकून वाक्य पुन्हा वाचावे. ‘व्हिस्पर्ड क्वाएटली’मध्ये कुजबुजण्यातच हळू आवाज आलेला असतो, तिथे दुसरा शब्द सरळ काढून टाकावा.